रेरे-सानचा गोल

"मावशी, इथे एक फॉर्म भरायचाय. तू येतेस का?"

शुभा गेल्याची बातमी माझ्यापर्यंत अशी आली. फोनवर तिची लेक तन्वी होती. मी योकोहामाच्या ऑफिसात, सकाळची पहिली मीटिंग नुकतीच सुरू झालेली. मला वाटलं, कॉलेजचा नाहीतर बँकेचा काहीतरी कागद असेल, म्हणून दबक्या आवाजात म्हटलं, संध्याकाळी बघू. त्यावर ती म्हणाली, "हॉस्पिटलचा आहे. आईचा..." आणि पुढचं वाक्य तिने जपानीत सांगितलं, कारण ते तिला मराठीत सांगता येईना. मला ते लगेच कळलं होतं. तरी मी तिला पुन्हा विचारलं, आणि त्या पोरीला तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. वास्तविक तन्वी इथेच वाढलेली, वीस वर्षांची, तिचं जपानी माझ्यापेक्षा कितीतरी पक्कं. तो फॉर्म तिला डोळे मिटून भरता आला असता. पण शुभाच्या लेले कुटुंबात गेली चौदा वर्षं फॉर्म म्हटला की मेधामावशीला बोलवायचं, अशी रीतच पडून गेली होती.

मेधामावशी म्हणजे मी. आम्ही राहतो त्या फुनाबोरीतल्या मराठी मंडळींत मला 'कागदवाली' म्हणतात, आणि मला ते नाव मनातून आवडतं. लग्न होऊन इथे आले तेव्हा हाताशी भरपूर वेळ होता, तो सगळा भाषा शिकण्यात घातला. पुढे त्याच जोरावर कंपनीत दुभाषी म्हणून लागले. मग वॉर्ड ऑफिसचं पत्र आलं, शाळेची नोटीस आली, कचरा चुकीच्या दिवशी टाकला म्हणून दारावर चिठ्ठी लागली, की लोक माझ्याकडे येऊ लागले. मी वाचते, समजावते, भरून देते. आणि दुसऱ्याने भरलेला कागद हातात आला तर त्यातली चूक काढल्याशिवाय मला चैन पडत नाही. ही खोड आहे. नवऱ्याने अनेकदा सांगून पाहिलं, मला कधी पटलं नाही. आता पटून काही उपयोग नाही.

शुभा पहिल्यांदा माझ्या दारात आली ती रव्याच्या लाडवांचा डबा घेऊन. ओळख नव्हती, समोरच्या इमारतीत नवीन बिऱ्हाड आलंय एवढंच ठाऊक होतं. म्हणाली, लेक पहिलीत आहे, तिचा पहिला पेपर मिळाला, सगळंच्या सगळं बरोबर आलं, म्हणून लाडू केले. आणि कौतुकाने तिने पेपरही पुढे केला. मी पाहिला. प्रत्येक उत्तरावर लाल शाईत ठसठशीत बरोबरची खूण होती. आता इथल्या शाळेत बरोबर उत्तराला गोल करतात, आणि आपली ती बरोबरची खूण करतात चुकलेल्या उत्तराला. तन्वीला दहापैकी शून्य होतं. मी ते तिला सांगितलं, अर्थातच सांगितलं, लाडू हातात असताना सांगितलं. तिने पेपर उलटसुलट करून पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "मग लाडू परत नेऊ का?" त्यानंतर आम्ही दोघी दारातच उभ्या राहून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. तो पेपर तिने पुढे फ्रीजच्या दारावर लावला, तो आजही तिथे आहे.

त्या पेपराने आम्हाला जन्माची थट्टा पुरवली. इथे 'ल' नाही, त्यामुळे लेलेबाईंच्या झाल्या रेरे-सान. आणि जपानी लिपीतलं 'रे' हे अक्षर हुबेहूब आपल्या बरोबरच्या खुणेसारखं दिसतं. तिने नावाचा शिक्का करून घेतला, इथे सहीच्या जागी उठवतात तसा, बोटाएवढा, तेव्हा त्यात लाल रंगात एकाखाली एक दोन खुणा उमटल्या. मी म्हटलं, रेरे-सान, तुझ्या नावातच दोन चुका आहेत. ती म्हणाली, आमच्या पुण्यात त्याला दोनदा बरोबर म्हणतात. तो शिक्का एका खणाच्या पिशवीत घालून ती कायम पर्समध्ये बाळगायची. भाजी आणायला निघाली तरी सोबत असायचा.

पाच वर्षांपूर्वी श्रीधरची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, नागोयाला बदली झाली. तन्वीची शाळा मोडायला नको म्हणून मायलेकी इथेच राहिल्या, तो महिन्यातून दोनदा येई. शुभाने स्टेशनजवळच्या कोंबिनीत, म्हणजे त्या चोवीस तासांच्या दुकानात, काम धरलं. त्याच्या आधीच, बेचाळिसाव्या वर्षी, ती पोहायला शिकली होती. दर मंगळवारी वॉर्डाच्या तलावावर जायची. या गेल्या हिवाळ्यात ते बंद केलं. मी कारण विचारलं तर म्हणाली, क्लोरीनने केस फार जातात. मला ते पटलं, न पोहता माझेही जातात...

तिच्या स्वभावाचा एकच शब्द सांगायचा तर भीड. घरी आली तर पाणीसुद्धा मागून प्यायची नाही. आपल्यासाठी कोणी थांबलंय, कोणाचा बेत बदललाय, हे तिला सहनच व्हायचं नाही. जपानी माणसं ज्याला 'एन्ऱ्यो' म्हणतात तो शब्द मी मंडळींना जपानी शिकवायचे त्या वर्गात कोणालाच नीट समजेना, तेव्हा मी म्हटलं होतं, रेरे-सानकडे बघा, म्हणजे कळेल. ती लाजली होती. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून जे केलं ते आता सांगते.

देवमाशाएवढ्या त्या मुशीसोबत पाण्यात उतरायचं, ही हौस माझी होती. व्हेल शार्क म्हणतात तिला, जपानीत 'जिंबेझामे'. नाव शार्कचं, पण स्वभाव गाईचा. तोंड उघडून पाण्यातले बारीक जीव गिळत फिरते, माणसाकडे ढुंकूनही बघत नाही. ओकिनावाला बोटीने नेऊन दाखवतात, हे मी कुठेतरी पाहिलं आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तिचा फोटो लावून ठेवला. पन्नाशी येईतो तो तिथेच राहिला. नवऱ्याला समुद्राचं वावडं, मला पोहता येत नाही. मग सोबत कोण, तर शुभा. मी तिला विचारलंच नाही, तारीख सांगितली. ती म्हणाली, अगं माझी शिफ्ट... मी म्हटलं, बदलून घे, माझी पन्नाशी एकदाच येणार आहे. तिने बदलून घेतली.

मे महिन्यातली सकाळ होती. बंदराजवळच्या टूरवाल्यांच्या छोट्या ऑफिसात आम्ही बसलो, आणि काउंटरवरच्या बाईंनी प्रकृतीची माहिती भरायचे फॉर्म दिले. बारा प्रश्न. तक्रार असेल तर गोल, नसेल तर फुली. मी सवयीने दोन्ही फॉर्म ओढले, तर शुभा म्हणाली, "इतकी वर्षं तू भरतेस, आज माझा मी भरते." तन्वीसोबत तीही थोडीफार अक्षरं शिकली होती, त्याचा तिला अभिमान होता. मी हसून दिला. मला वेळ लागला नाही. तिने मात्र चष्मा लावून, एकेका प्रश्नावर बोट ठेवत, ओठांनी पुटपुटत भरला. आणि तो काउंटरवर जायच्या आत मी माझी खोड पुरी केली. तिच्या हातातून घेतला आणि तपासला.

अकरा फुल्या होत्या आणि एक गोल. सातव्या प्रश्नापुढे. गेल्या वर्षभरात चालताना किंवा जिना चढताना छातीत धडधड, दडपण, धाप... अक्षरं अवघड होती, मलाही ती कॉलेजात दोनदा लिहून पाठ करावी लागली होती. मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "रेरे-सान, पुन्हा गोलाचा गोंधळ? इथे गोल म्हणजे तक्रार आहे, म्हणजे होय."

शुभाने माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर बोटीकडे पाहिलं. "गोल राहिला तर काय होईल?" तिने विचारलं.

"काय होणार? डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा म्हणतील, आणि आपण दोघी किनाऱ्यावर शंख वेचत बसू."

"मग काढून टाक," ती म्हणाली.

खोडरबर इथे चालत नाही. चुकलेल्यावर दोन सरळ रेघा मारायच्या, शेजारी बरोबर काय ते लिहायचं आणि ज्याचा कागद त्याने तिथे शिक्का उठवायचा. रेघा मी मारल्या. पट्टी नव्हती तरी सरळ आल्या. शेजारी फुलीही मीच काढली. शुभाने पर्समधून खणाची पिशवी काढली, शिक्का काढला आणि हलक्या हाताने उठवला. बाईंनी फॉर्मखालच्या कार्बन प्रतीवरही तसंच करून घेतलं आणि ती प्रत आम्हाला परत दिली. इतकी नीट दुरुस्ती परदेशी लोक करत नाहीत, असं त्या म्हणाल्या. मला बरं वाटलं होतं.

बोट दहा मिनिटंच गेली. समुद्रात मोठं जाळं सोडून त्यात ती मुशी ठेवलेली असते. गाइड म्हणजे तिशीतली एक हसरी मुलगी, तिने आम्हाला रबरी सूट, जॅकेट, मास्क चढवले, दोर धरून पाण्यात उतरवलं. मी डोकं पाण्यात घातलं आणि किंचाळायचीच राहिले. खालून एक अंगणच सरकत चाललं होतं. सारवलेल्या अंगणावर ठिपके काढावेत तसे पाठभर पांढरे ठिपके, शेवट दिसेना. शुभाने माझा हात घट्ट धरला होता. मला वाटलं, मी घाबरू नये म्हणून. ती मुशी गेली, जाळ्याच्या आतून वळसा घालून परत आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. तिसऱ्या फेरीला शुभा शिडीकडे वळली. मी पाण्यातच राहिले. पाण्यातला कॅमेरा भाड्याने घेतला होता, तो वसूल करायचा होता. वर आले तेव्हा ती बोटीच्या कडेला टॉवेल गुंडाळून बसली होती, ओठ निळसर, नजर खाली. गाइडने विचारलं, दाइजोबू देस का. शुभा म्हणाली, दाइजोबू. या शब्दाचं काही खरं नसतं. मी ठीक आहे यालाही तोच, आणि मला काही नको यालाही तोच. मला म्हणाली, पाणी गार होतं गं. मी तिला फोटो दाखवायला लागले.

थोड्या वेळाने रंग परत आला. मग ती स्वतःहून बोलली. "मेधा, केवढे गोल होते तिच्या अंगावर. डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळं बरोबर. आणि तरी जाळ्यात गोल गोल फिरतेय..." मी खूप हसले. वाटलं, काय छान बोलली, मंडळाच्या कार्यक्रमात सांगायला हवं.

त्यानंतर पाच आठवडे. या पाच आठवड्यांत मी तिला सात-आठ वेळा तरी भेटले असेन. स्टेशनचा जिना चढताना ती मध्येच थांबून फोन बघायची, आणि मी वरून ओरडायचे, चल लवकर, ट्रेन जाईल. एका सकाळी ती कचऱ्याची पिशवी खाली ठेवायला गेली, कावळ्यांनी कचरा उकरू नये म्हणून असतं ते जाळं तिने पिशवीवर नीट ओढलं, आणि परत येताना जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना वाटलं, विसावा घेतेय. दहा मिनिटांनी त्या पुन्हा बाहेर आल्या तेव्हाही ती तशीच होती.

हॉस्पिटलात मी फॉर्म भरला. नाव, जन्मतारीख, मृताशी नातं. तरुण डॉक्टर अगदी हळू आवाजात बोलले. म्हणाले, हृदयाचं दुखणं होतं, अचानक झालेलं नव्हतं, बऱ्याच महिन्यांचं असणार, धाप लागत असेल, वेळेत तपासलं असतं तर पुष्कळ काही करता आलं असतं. मला आयुष्यात कधी भाषांतर करताना अडखळायला झालं नव्हतं. श्रीधर नागोयाहून ट्रेनमध्ये होता, फोनवर होता, मी त्याला वाक्य-वाक्य मराठीत सांगत होते. शेवटचं वाक्य मी सांगितलं नाही. डॉक्टरांचं बोलणं संपलं, एवढंच म्हटलं.

दिवस झाल्यावर तन्वीने मला कागद आवरायला बोलावलं. विमा, बँक, परत करायचं रेसिडेन्स कार्ड, सगळं. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात रबर बँड लावलेला कार्डांचा गठ्ठा निघाला. शाळेची पोहण्याची कार्डं. इथे उन्हाळ्यात शाळेत पोहण्याचे तास असतात, आणि त्या दिवशी सकाळी आईने मुलाचा ताप मोजून कार्डावर लिहायचा, पाण्यात उतरायला हरकत नसेल तर गोल, असेल तर फुली, आणि शिक्का. सहा वर्षांची कार्डं होती. पानामागून पान गोल, आणि प्रत्येक गोलाशेजारी त्या दोन लाल खुणा. शेकड्याने गोल काढले होते शुभाने. मी ते एकेक करून चाळत बसले. गोल म्हणजे काय आणि फुली म्हणजे काय हे या बाईला कळत नव्हतं, असं मी गृहीत धरलं होतं. एका पेपरावरून. चौदा वर्षांपूर्वीच्या.

एका कार्डावर फुली होती. तन्वीने ते ओळखलं. म्हणाली, "मी तिसरीत होते मावशी. सर्दी होती, पण टेस्ट होती त्या दिवशी पोहण्याची. मी खूप रडले, की मारू कर, प्लीज मारू कर." मारू म्हणजे गोल. "आई म्हणाली, कागदावर खोटं लिहून पाण्यात जायचं नाही." आणि मग, कार्ड हातात तसंच धरून, तिने मला विचारलं, "आईला आधी काही होत होतं का? तुला काही बोलली होती?"

मी म्हटलं, नाही.

शुभा बोलली होती. तिला तोंडाने सांगायला भीड वाटली असेल, म्हणून तिने कागदावर सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने स्वतःचा फॉर्म स्वतः भरला, खरा भरला, आणि मी तो दुरुस्त केला. तो गोल राहिला असता तर आमची बोट चुकली असती, मी दिवसभर तोंड फुगवून बसले असते, आणि तिला डॉक्टरकडे जावंच लागलं असतं. कदाचित नसतीही गेली. कदाचित तिने तो खरंच चुकून काढला असेल, अवघड अक्षरं होती... मी रात्रंदिवस हे असं उलटसुलट करते. विचारायचं कोणाला? मग काढून टाक, असं म्हणताना तिच्या मनात काय होतं, हे मला या जन्मी कळणार नाही.

मला राहवेना, तेव्हा एका रविवारी सकाळी श्रीधरला फोन करून सगळं सांगितलं, डॉक्टरांचं गाळलेलं वाक्यसुद्धा. मला वाटलं, तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मेधाताई, मला तर रोज फोनवर तिची धाप ऐकू यायची. मी विचारायचो, ती म्हणायची, आत्ताच जिना चढून आले. रोज मी फोन करायचो आणि रोज ती आत्ताच जिना चढून आलेली असायची. मला कधी शंका आली नाही." मग आम्ही दोघेही रडलो, आपापल्या शहरात. फोन ठेवण्याआधी मी त्याला विचारलं, हे मंडळाच्या अंकात लिहू का. तो म्हणाला, "लिहा. पण तन्वीला तुम्हीच सांगा. माझ्याने होणार नाही."

मीही अजून सांगितलेलं नाही. तीन वेळा समोरच्या इमारतीत गेले. दार उघडलं की फ्रीजवरचा तो पेपर दिसतो, दहा चुकांचा, आणि मी भाजीचा डबा ठेवून परत येते.

ती परतीची प्रत माझ्याकडे आहे, मी सगळे कागद जपून ठेवते. आत्ता समोरच आहे. सातव्या प्रश्नापुढे गोल, त्यावर माझ्या दोन सरळ रेघा, आणि शेजारी रेरे-सानच्या दोन लाल खुणा. इथल्या शाळेतल्या बाई म्हणतील, चूक. आपल्याकडच्या म्हणतील, बरोबर, दोनदा बरोबर.

तन्वीला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. शुभाला त्याची फार खंत होती. म्हणून हे इथे मी लिहू शकले, तिला कळणार नाही अशा अक्षरांत. पण लेख छापून आला की कोणीतरी तिला सांगेलच, तुझ्या आईवर आलंय. मग ती अंक घेऊन समोरच्या इमारतीतून येईल, आजवर या घरात प्रत्येक कागद आला तसा, आणि माझ्यापुढे धरून म्हणेल, मावशी, वाचून दाखव.